मिशन बंगल्यातला संसार

मराठी मुलखात आलेल्या परदेशी मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शाळा, छापखाने, कोश, व्याकरणे, शास्त्री-पंडितांशी झालेले वाद आणि त्यांच्या हातून झालेली धर्मांतरे यांवर ग्रंथ आहेत, प्रबंध आहेत. त्यांच्या घरांविषयी मात्र फार थोडे सापडते. ग्रंथांतला मिशनरी बहुधा एकटा असतो. तो घोड्यावरून खेडी हिंडतो, बाजारात उभा राहून उपदेश करतो, नाहीतर शास्त्रीबुवांसमोर बसून मराठी घोकतो. प्रत्यक्षात तो क्वचितच एकटा आला. बोटीतून उतरताना बरोबर पत्नी असे. पुढे मुले होत. त्यांतली काही इथल्याच मातीत पुरली जात आणि जी वाचत ती शाळेच्या वयाची झाली की समुद्रापार पाठवली जात. पुढची पाने या संसारांविषयी आहेत.

मी हे निमगाव केतकीत बसून लिहितो आहे. आमचे गाव बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या वाटेवरचे. तुकोबांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना दरवर्षी इथे मुक्काम करते. मिशनरी म्हटले की इथल्या माणसाला नगर आठवते, मिरज आठवते, फार तर दौंड तालुक्यातले केडगाव आठवते. बारामती आठवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या मंडळीची माणसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत येऊन राहिली, दौंड आणि श्रीगोंद्यात त्यांनी केंद्रे काढली, दौंडला रुग्णालय उभे केले. दोन-तीन पिढ्या त्यांचे संसार या कोरड्या मुलखात झाले. एवढे सगळे आपल्या अंगणात घडूनही त्याची आठवण आपण फारशी ठेवली नाही. या प्रस्तावनेचे निमित्त तेच आहे. पण बारामतीकडे येण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण मिशनरी संसाराची रीत इथे त्याच्या शंभर वर्षे आधी ठरून गेली होती.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नॉट यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी रॉक्साना होत्या. हॉल अविवाहित होते. इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होते. कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते, त्यातून शत्रुराष्ट्राचे तर मुळीच नको होते. परत पाठवण्याचे हुकूम सुटले, रदबदल्या झाल्या आणि अखेर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना राहू दिले. नॉट पतिपत्नी आजारपणामुळे लवकरच परतली. हॉल राहिले. १८१६ मध्ये त्यांनी मुंबईतच मार्गारेट लुईस या इंग्रज तरुणीशी लग्न केले. मुले झाली आणि मुलांच्या जिवाचा घोर सुरू झाला. १८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलगे घेऊन अमेरिकेच्या बोटीत बसल्या. मिशनकडे माणसे इतकी कमी उरली होती की हॉल यांनी मागे राहण्याचे ठरवले. प्रवासात एक मुलगा गेला. पुढच्या वर्षी हॉल नाशिककडे निघाले. तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटत ते परत फिरले आणि वाटेत त्यांनाच पटकीने गाठले. २० मार्च १८२६ रोजी, एका खेडेगावातल्या देवळाच्या ओसरीत, त्यांचा अंत झाला. वय एकेचाळीस.

हॉल यांचा मृत्यू मिशनच्या पुस्तकांतून पुन्हापुन्हा सांगितला गेला, आणि तो सांगण्यासारखा आहेच. समुद्रात गेलेल्या मुलाला मात्र बहुतेक ठिकाणी एखादे वाक्य मिळते. मार्गारेट यांना पतीच्या मृत्यूची बातमी कशी कळली असेल, याचा विचार करताना त्या काळचे टपाल ध्यानात घ्यायला हवे. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. हॉल यांच्या काळी मुंबईचे पत्र आफ्रिकेला वळसा घालून बॉस्टनला पोचायला महिनोन्महिने लागत. म्हणजे एखादी स्त्री कित्येक महिने विधवा असे आणि तिला ते ठाऊकही नसे. मिशनरी संसाराचा विचार मी जेव्हा जेव्हा करतो तेव्हा हा टपालाचा हिशेब माझ्या मनातून जात नाही. त्या घरांतली धीराची भाषा, देवाच्या इच्छेला मान तुकवण्याची त्यांची सवय, आज आपल्याला कधी कधी कोरडी वाटते. ज्या घरात आजची बातमी चार महिन्यांपूर्वीची असते, तिथे दुःख करायचे तरी कोणत्या दिवशी, हा प्रश्नच होता. तेव्हा तो धीर मला कोरडा म्हणवत नाही.

पत्नींची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. मिशनच्या अहवालांत त्यांचे स्वतःचे नावसुद्धा बहुधा नसते. मिसेस ह्यूम, मिसेस फेअरबँक, मिसेस मिचेल एवढेच. पगार नवऱ्याला, नेमणूक नवऱ्याची, आणि काम दोघांचे. मराठी शिकणे तिलाही भाग होते, कारण माजघरातल्या बायकांपर्यंत पोचण्याची वाट तिच्यापुरतीच मोकळी होती. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांचे नाव मुंबईच्या विल्सन कॉलेजमुळे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आल्या, भाषा शिकल्या, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये इथेच वारल्या. सहा वर्षे. या सहा वर्षांत बाळंतपणे झाली, मुले आजारी पडली, घर चालले आणि शाळाही चालल्या. मुंबईतल्या मुलींच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना ही सहा वर्षे वगळता येत नाहीत.

अविवाहित स्त्रियांना आधी कुणी पाठवायलाच तयार नव्हते. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या त्या अमेरिकन मिशनच्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी एक म्हणून. पुढे त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. नगरला फॅरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली, हे त्यांच्या चरित्रातले प्रसिद्ध प्रकरण. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणातही नगरच्या फॅरारबाई आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांची नावे येतात. फुले दांपत्याने पुढे जे उभे केले ते त्यांचे स्वतःचे होते, मिशनऱ्यांची सावली नव्हे. जोतीरावांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही आणि त्यांचा सार्वजनिक सत्यधर्म त्यांनी स्वतः मांडला. पण एखादी स्त्री वर्गात उभी राहून शिकवते आहे, हे दृश्य त्यांना आधी कुठे दिसले असेल तर ते या बायकांच्या शाळेत. १८६८ मध्ये बॉस्टनला स्त्रियांचे स्वतंत्र मिशन मंडळ निघाले आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत अमेरिकेतून बाहेर पडणाऱ्या मिशनऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झाली. तरीही चरित्रे बहुतेक पुरुषांचीच लिहिली गेली.

आता मुले. सहा-सात वर्षांपर्यंत मिशनऱ्याचे मूल आयाच्या कडेवर वाढे, तिच्याच भाषेत पहिले शब्द बोले, बोर्डिंगातल्या पोरांबरोबर गोट्या-विटीदांडू खेळे. मग त्याला परत पाठवण्याचा विषय घरात निघे. उन्हाळा, ताप आणि जुलाब ही कारणे खरीच होती. पण आणखी एक भीती होती आणि ती कमी बोलली जाई: मूल इथलेच होऊन जाईल. मग ते इंग्लंड-अमेरिकेतल्या आजीआजोबांकडे, नाहीतर मिशनरी मुलांसाठी काढलेल्या एखाद्या गृहात जाई. मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नडेल येथे एलायझा वॉकर यांनी असे एक गृह चालवले. त्यांचे पती तुर्कस्तानात मिशनरी होते आणि तिथेच वारले होते, त्यामुळे या मुलांना काय लागते ते त्यांना कुणी सांगायला नको होते. नंतर हिंदुस्थानातच डोंगरावर शाळा निघाल्या. मसुरीची वुडस्टॉक त्यांतली जुनी; कोडाइकनालची शाळा १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच सुरू झाली. त्यामुळे विरह वर्षांवरून महिन्यांवर आला. एप्रिल-मेमध्ये आई महाबळेश्वरला किंवा दुसऱ्या एखाद्या डोंगरावर जाई, मुले भेटत, पावसाळा आला की पुन्हा ताटातूट.

ह्यूम घराण्याचा इतिहास वाचला की या व्यवस्थेचा खोल परिणाम समजतो. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना ह्यूम १८३९ मध्ये मुंबईला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन १८४७ मध्ये मुंबईत जन्मला. १८५४ मध्ये वडील फार आजारी झाले म्हणून कुटुंब अमेरिकेला निघाले आणि वडिलांचा बोटीवरच अंत झाला. हॅना मुलांना घेऊन न्यू हेवनला राहिल्या. ज्या देशाने आपला बाप नेला त्या देशाचे नावही मुलांनी काढू नये, असे इथे कुणालाही वाटेल. घडले उलटे. रॉबर्ट येल विद्यापीठात शिकून १८७४ मध्ये परत आले आणि नगरला राहिले, त्यांचा भाऊ एडवर्ड मुंबईत आला. १८७८ मध्ये रॉबर्ट यांनी नगरला पाळकांच्या शिक्षणासाठी धर्मविद्यालय काढले. १९००च्या दुष्काळातल्या कामामुळे त्यांचे नाव सर्वदूर झाले. पहिली पत्नी ॲबी इथेच वारली. दुसरी पत्नी केटी ही नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या फेअरबँक घराण्यातली, म्हणजे तीही मिशनऱ्याचीच मुलगी. रॉबर्ट यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला आली आणि स्त्रियांच्या रुग्णालयात काम करू लागली.

ही माणसे अमेरिकेत गेली की परकी असत आणि इथे राहिली तरी परकीच. एकमेकांत लग्ने होत राहिली ती काही केवळ सोयीसाठी नव्हेत. बॅलंटाइन, फेअरबँक, ह्यूम या घराण्यांच्या वंशावळी मांडल्या तर नगर जिल्ह्यात एक छोटीशी जातच तयार झालेली दिसते: जिची मातृभाषा इंग्रजी, पण स्वयंपाकघराची भाषा मराठी. हेन्री बॅलंटाइन यांनी १८४२ मध्ये नगरहून ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू केले आणि मराठीत भक्तिगीते रचली. त्यांचे जावई सॅम्युअल फेअरबँक वडाळ्याला राहून शेती, पक्षी आणि कीर्तन या तिन्हींत रमले. पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या पक्ष्यांचा त्यांचा अभ्यास इतका पक्का होता की पळणीच्या डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव आहे. अशा माणसाला केवळ 'धर्मप्रचारक' म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

पण इथे एक अडचण आहे आणि ती मी वाचकांपुढे स्पष्ट मांडू इच्छितो. मिशन बंगला म्हणजे एकच घर नव्हते. बंगल्याच्या आवारात, थोडे बाजूला, आणखी घरे असत: मराठी पाळकाचे, शिक्षकाचे, बायबलबाईचे, आचाऱ्याचे. गावात पायी हिंडणारे, महारवाड्यात आणि मांगवाड्यात रात्री दिव्याच्या उजेडात शिकवणारे, दगड खाणारे हेच लोक होते. साहेब महिन्यातून एकदा तंबू घेऊन यायचे. बंगल्यातल्या माणसाला तिकडच्या हिशेबाने पगार, सात-आठ वर्षांनी फर्लोची रजा, आजारी पडल्यास बोटीचे तिकीट. आवारातल्या माणसाला यातले काही नाही. धर्मांतरामुळे त्याचे स्वतःचे भाऊबंद तुटलेले आणि बंगल्याच्या जेवणाच्या टेबलावर त्याची जागा ठरलेली नाही. मिशनऱ्याच्या पत्नीच्या त्यागाबद्दल आपण लिहितो तेव्हा तिच्या पलीकडे शंभर पावलांवर राहणाऱ्या पाळकाच्या पत्नीने काय सोडले, हेही त्याच पानावर यायला हवे. नाहीतर आपण पुन्हा अहवालच लिहू.

यासाठी मराठीत आपल्याकडे एक थोर साक्ष आहे, लक्ष्मीबाई टिळकांची. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली काही वर्षे एकाच संसाराचे दोन तुकडे झाले होते. पुढे नगर-राहुरीकडे त्या मिशनच्या वातावरणात राहिल्या, ह्यूम साहेबांसारख्यांना त्यांनी जवळून पाहिले. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना मिशनरी कुटुंबे आपल्याला आवाराच्या बाजूने दिसतात, आणि ती दृष्टी बंगल्यातल्या कोणत्याही पत्रात नाही. त्यांत राग आहे, ऋण आहे, खूप हसू आहे, आणि साहेबाला देव न मानण्याचा सहज ठामपणा आहे. टिळकांनी स्वतः शेवटी मिशनची पगारी चाकरी सोडली. मराठी ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास आपल्या भाषेत, आपल्या चालीवर आणि आपल्या हिमतीवर जगावा, असे त्यांचे म्हणणे होते. तुकोबांचे आपल्यावरचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले.

टिळकांना तुकोबांचे जे वेड होते ते काही मिशनऱ्यांनाही लागले. जस्टिन ॲबट यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये जवळपास तीस वर्षे काम केले आणि १९१० मध्ये ते निवृत्त होऊन न्यू जर्सीला गेले. तिथे बसून त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींवर इंग्रजी ग्रंथमाला काढली. बहिणाबाई १९२९ मध्ये आणि तुकाराम १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. १९३२ मध्ये ॲबट वारले. जो मनुष्य इथल्या देवळांतून लोकांना बाहेर काढायला आला होता, त्याने म्हातारपणाची सगळी शक्ती देवळातल्या गाण्यांना दिली. पालखी दरवर्षी आमच्या गावात थांबते तेव्हा मला ॲबट यांची आठवण होते. संसारासह एका मुलखात आयुष्य काढले की मुलूखही माणसात शिरतो. मिशनच्या यशापयशाच्या आकड्यांत हे कुठे येत नाही.

उलट दिशेचे संसारही होते. डॉ. गुरुबाई करमरकर आणि सुमंतराव करमरकर हे मराठी ख्रिस्ती जोडपे अमेरिकेत गेले. गुरुबाईंनी १८९२ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली, जिथे काही वर्षांपूर्वी आनंदीबाई जोशी शिकल्या होत्या. परतून त्यांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. त्याआधी १८७३ मध्ये नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन बोलले होते. जालन्याजवळचे बेथेल गाव त्यांनी वसवलेले. आणि केडगावला तर सगळी मांडणीच उलटी होती. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये प्रमुख मराठी बाई आणि तिच्या हाताखाली मिनी ॲब्रम्स यांच्यासारख्या परदेशी स्त्रिया. रमाबाईंनीही मिशनरी आईचे तेच दुःख भोगले. १८८६ नंतर त्या अमेरिकेत हिंडत असताना त्यांची लहानगी मुलगी मनोरमा इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टरांजवळ राहिली. पुढे तीच मनोरमा आईचा उजवा हात झाली. १९२१ मध्ये ती मिरजेला वारली. आईने एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवला.

आता बारामती. १८७६-७७च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम निघाले, १८८५च्या सुमारास पाणी खेळू लागले आणि बारामती-इंदापूरकडच्या काही गावांचे नशीब पालटले. ऊस आला, पैसा आला, मजुरीसाठी माणसे आली. मोरोपंतांच्या या गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी आले ते या बदलत्या बारामतीत. दवाखाना, शाळा, मुलांची बोर्डिंगे ही नेहमीची कामे त्यांनी केलीच. पण त्यांच्या वाट्याला आणखी एक काम आले, आणि ते सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक राहणार नाही.

सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये तो सुधारून साऱ्या हिंदुस्थानभर लागू करण्याची सोय केली. जन्माने माणूस गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. मुंबई इलाख्यात त्याखाली वसाहती वसवल्या गेल्या. तारेच्या कुंपणातल्या, हजेरीच्या, पासाशिवाय बाहेर न पडण्याच्या. लोक त्यांना सेटलमेंट म्हणत. सोलापूरला ते नाव अजून चालते. या वसाहती चालवायला सरकारने ठिकठिकाणी मिशनांना बोलावले. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे गेली, बारामतीची ऑस्ट्रेलियन मिशनकडे. कालव्याची आणि इतर सरकारी कामे, शाळा, हजेरी, सगळे मिशनरी कुटुंबाच्या देखरेखीखाली. बंगल्यातली बाई ज्या बायकांना शिवण शिकवी, त्याच बायकांच्या नावापुढे संध्याकाळी तिचा नवरा हजेरी मांडत असे.

त्या कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे काढून संस्थेत ठेवण्याची तरतूद होती. मुले वाईट वळणाच्या घरात वाढू नयेत, असे त्यामागचे समर्थन. ज्या लोकांनी आपली स्वतःची मुले बोटीत बसवून पाठवली होती, ज्यांना बंदरावरचा तो दिवस आयुष्यभर विसरता आला नाही, त्या लोकांना हे कसे पटले? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. माझे मत असे झाले आहे की आपले दुःख त्यांनी त्याग म्हणून ओळखले होते, आणि त्यागाला एकदा पवित्र मानले की तो दुसऱ्यावर लादताना हात थरथरत नाही. त्यांनी वसाहतीत शाळा चालवल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांपेक्षा ते पुष्कळ बरे वागले असतील. हे सगळे मान्य करूनही कुंपण हे कुंपणच होते. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. विमुक्त जमातींची माणसे अजूनही ३१ ऑगस्ट हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात, आणि बारामतीच्या मिशनरी कुटुंबांचा इतिहास त्या लोकांच्या आठवणींशिवाय पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी कुटुंबे हळूहळू कमी झाली. १९५०च्या दशकात नव्या मिशनऱ्यांना परवाने मिळणे अवघड झाले, जुने निवृत्त होऊन परतले. १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि अनेक जुन्या मिशनांचे काम भारतीय हातांत पुरते आले. बंगले विश्वस्तांकडे गेले. काही शाळांत सामावले, काही पडले. राग आणि संशयही उरला, त्याची खरी कारणेही होती आणि निव्वळ द्वेषही होता. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्याला त्यांच्या दोन लहान मुलांसह जीपमध्ये जाळण्यात आले. ते अनेक वर्षे कुष्ठरोग्यांत काम करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढे काही वर्षे त्या ओडिशात राहून काम करत राहिल्या. मिशनरी संसारावर लिहिताना दोन्ही बाजूंनी घाईने निकाल देणाऱ्यांनी ही घटना आधी शांतपणे वाचावी.

पुढच्या पानांत वाचकाला मोठे सिद्धांत फारसे मिळणार नाहीत. कुणी कुठल्या महिन्यात कुठे राहत होते, मुले कुठे शिकली, कुणाची कबर कुठे आहे, आवारातल्या कुणाचे नाव कुठल्या नोंदीत सापडते, असला मजकूर जास्त असेल. मला तो मोलाचा वाटतो. धर्मांतरे बरी की वाईट, या वादात पक्ष घेणे सोपे आहे, पण त्या वादात माणसांचे संसार दिसेनासे होतात. आणि या प्रदेशातल्या हजारो ख्रिस्ती कुटुंबांना, विमुक्त कुटुंबांना, आपले पूर्वज कोण होते हे समजण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही.

बारामती, इंदापूर, दौंड, श्रीगोंदा या भागांतल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. जुन्या मंडळ्यांतल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, बोर्डिंगचे फोटो, आजोबांना साहेबांनी पाठवलेली पत्रे, पहिल्या कोऱ्या पानावर जन्ममृत्यू लिहून ठेवलेली घरची पवित्र शास्त्रे, सेटलमेंटमधल्या आजीने सांगितलेल्या गोष्टी, यांतले जे काही हाताशी असेल ते फेकू नका, रद्दीला देऊ नका. कागदांच्या चांगल्या प्रती काढा, फोटोमागे माणसांची नावे आणि गाव लिहा. जी म्हातारी माणसे आहेत त्यांचे बोलणे याच वर्षी मोबाइलवर नोंदवून ठेवा. त्या प्रती तालुक्याच्या वाचनालयात आणि आपल्या मंडळीत अशा दोन्ही ठिकाणी ठेवा, म्हणजे एक हरवली तरी दुसरी राहील.

निमगाव केतकी, ता. इंदापूर